डेमोकाका

नागपूरच्या मनीषनगरात संध्याकाळी सहानंतर कुठल्याही गल्लीत उभं राहा. पहिल्या मजल्यावरून तबला, दुसऱ्यावरून कॅसिओ आणि खाली पार्किंगमध्ये सतरंजीवर एलिमेंटरीची पोरं तांब्या नि दोन वांगी काढत बसलेली. विजेच्या खांबाला बांधलेल्या फ्लेक्सवर गायन, वादन, नाट्य, चित्रकला आणि तळाला बारीक अक्षरांत ‘पहिले तीन दिवस मोफत’. ही तळाची ओळ छापतात ती डेमोकाकांसाठीच.

“आता कलेसाठी जगायचं,” असं काकांनी ऑफिसच्या निरोपसमारंभातच जाहीर केलं होतं. तेव्हापासून काका जगून राह्यले आणि कला वाट पाहून राह्यली. नवा क्लास उघडला की उद्घाटनाचे पेढे संपायच्या आत काका दारात हजर. अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता, हातात वही. वहीत स्वरलिपी नसते. फी, बॅचची वेळ, गाडी कुठं लावायची, कूलर चालू आहे की नुसता ठेवला आहे, अशा नोंदी असतात.

“सर, अ‍ॅडमिशन तर घ्यायचंच आहे जी. फक्त थोडी चौकशी होती.”

थोडी म्हणजे पाऊण तास. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवता का? प्रारंभिक, मग दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, दोन विशारद. काका बोटांवर मोजतात. सात! म्हणजे वर्षाला एक धरली तरी सात वर्षं, आणि मधे गचकलो तर? सर केविलवाणे होऊन म्हणतात, “काका, आधी सा तर लावू.” काका समजूतदार हसतात. एवढी घाई त्यांना पटत नाही.

चित्रकलेच्या मॅडमकडे वेगळाच पेच. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीत 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3, हे काकांना पाठ. “मग माझे कशात धरतील?” मॅडमनी घाबरत विचारलं, “तुमची दहावी कधी झाली?” “आमच्या वेळी अकरावी मॅट्रिक होती ना बाप्पा, म्हणूनच तर विचारून राह्यलो!”

अभिनयाच्या क्लासात सगळ्यांना झाड व्हायला सांगितलं. पोरं डोळे मिटून डुलत होती. काकांच्या झाडानं एक फांदी खाली घेतली आणि विचारलं, “सर, राज्य नाट्य स्पर्धेत उतरता का? सायंटिफिक सभागृहाला पार्किंगचा त्रास आहे, म्हणून आत्ताच विचारतो.”

पूर्वी सगळा दोष रेल्वे फाटकाचा होता. ऐन तालमीच्या वेळी फाटक पडतं, मग माणसानं शिकावं कसं? 2020 मध्ये पूल झाला, खालून अंडरपास झाला आणि काकांचं फार मोठं नुकसान झालं. आता ते पावसाळ्यावर भागवतात. फारच कोणी डिवचलं तर थेट वसंतराव देशपांड्यांना आणतात. “वसंतराव इथंच नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले. त्यांना तसा गुरू होता जी. मी अजून पाहून राह्यलो.”

लोक हसतात. मला मात्र या वस्तीत तेच त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतात. बाकीचे आपण जूनमध्ये वर्षाची फी एकरकमी भरतो आणि दिवाळीत पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवतो. काकांची पेटीच नाही, त्यामुळे कपडे जागच्या जागी.

शिवाय कॉलनीतल्या आया क्लासला फोन करायच्या आधी काकांना गाठतात. “पोरगं लाजतं? मग तबल्याला घाला, तोंड उघडावं लागत नाही. कोपऱ्यावरचे सर शिकवतात कमी, स्वतःच गातात जास्त. पण गातात छान. पोरीला नाटकाला पाठवा, घरी तसंही सुरूच आहे.” त्यांच्या सल्ल्यावर निम्मी गल्ली कुठं ना कुठं शिकते आहे.

शेवटी तबल्याच्या सरांनी व्यवहार ओळखला. म्हणाले, “काका, चौकशीच्या टेबलावर तुम्हीच बसा संध्याकाळी. मानधन देतो.”

काकांनी वही उघडली, पगार, वेळ, चहा कितीदा, खुर्चीला हात आहेत का, सगळं उतरवून घेतलं.

“बसतो ना. पण सर, पहिले तीन दिवस डेमो राहू द्या. मग पाहू.”