वृद्धीचे मुखत्यार

मिरा-भाईंदरात ज्याच्या घरी चालता धंदा आहे आणि ज्याच्या पत्नीस धाकटा भाऊ आहे, त्याच्या घरी त्या धंद्याच्या वाढीची जबाबदारी घेणारा इसम आज ना उद्या अवतीर्ण होतो, हा या नगराचा अलिखित कायदा आहे. धंदा भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतील स्टीलच्या भांड्यांचा असो, उत्तनच्या सुक्या मासळीचा असो, अथवा आमच्या परिचयाच्या दाजींप्रमाणे रस्त्यात बंद पडलेली वाहने ओढून नेण्याचा असो, वृद्धीचा हा मुखत्यार सर्वत्र एकाच घडणीचा आढळतो. त्याचे व्हिजिटिंग कार्ड मालकाच्या कार्डापेक्षा जाड असते. गिऱ्हाइकास तो 'क्लायंट' म्हणतो. आणि ग्रीसला तो हात लावीत नाही, कारण तोच हात त्याला पुढे हस्तांदोलनासाठी लागणार असतो.

दाजींचा कारभार तसा आटोपशीर. दोन क्रेन, एक फ्लॅटबेड, काशिमिऱ्याजवळ भाड्याने घेतलेला मोकळा तुकडा आणि बिहारहून आलेला एक मितभाषी चालक, एवढीच दौलत. जागा मात्र त्यांनी अशी हेरली होती, की पेशवाईतील एखाद्या मुरलेल्या नाकेदारानेही मान डोलवावी. अहमदाबादच्या महामार्गाला घोडबंदरचा रस्ता जेथे येऊन मिळतो तो फाउंटन हॉटेलचा नाका, एका अंगास गायमुखाचा चढ, दुसऱ्या अंगास वसईच्या खाडीवरील वर्सोवा पूल, आणि या सर्वांवरून न्हावा-शेव्याच्या बंदरातून गुजरातेकडे सरकणारी कंटेनरांची रांग! 2023 साली खाडीवर नवा पूल खुला झाला खरा. तथापि एखाद्या अवजड ट्रकाचा पाटा चढावर तुटला, की मागचे सारे जग अद्यापि जागच्या जागी थिजते. अशा समयी अडलेला मनुष्य जाहिराती वाचीत बसत नाही; तो जवळचा दिवा पाहून चालू लागतो, आणि तो दिवा बहुधा पंक्चरवाल्याचा असतो. चालकाने हे पुरते ओळखून पंक्चरवाल्यांच्या भिंतींवर दाजींचा नंबर रंगवून घेतला होता, आणि टोचन मिळाले की ज्याचे त्याचे कमिशन दुसऱ्या सकाळी बिनबोभाट पोचते करण्याचा त्याचा परिपाठ होता.

मुखत्यारांनी सूत्रे हाती घेताच या व्यवस्थेवर 'असंघटित' असा शेरा मारला. पहिल्या बैठकीत त्यांनी अमेरिकेतील चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट होम्सचे आख्यान लावले. 1916 साली ओढ्यात उलटलेली एक मोटार दोर, ठोकळे आणि माणसांचे बाहुबल यांच्या साह्याने बाहेर काढता काढता घामाघूम झालेल्या या कारागिराने पुढे 1913 सालच्या एका कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवून ओढगाडी सिद्ध केली, हा तो वृत्तान्त. यातून मुखत्यारांनी दूरदृष्टीचा बोध काढला, चालकाने साखळीचा. मोठ्या क्रेनची साखळी झिजली असून ती बदलली पाहिजे, असे त्याने तेथल्या तेथे निवेदन केले. परंतु हा विषय विषयपत्रिकेवर नव्हता.

"दाजी, आपण गाड्या ओढत नाही, आपण विश्वास ओढतो," मुखत्यार म्हणाले.

"विश्वासाला डिझेल किती लागतं तेवढं बघून ठेवा," दाजी म्हणाले, आणि फोन आला म्हणून उठून गेले.

तदनंतर स्थानिक इतिहासाची पाळी आली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739 साली वसई पडली ती खाडीच्या या तीरावरील धारावी आधी हस्तगत झाल्यावर. तद्वत् आपण प्रथम गोल्डन नेस्टचे सर्कल काबीज करावे, म्हणजे घोडबंदर आपोआप पदरात पडेल, असा व्यूह ठरला. गोल्डन नेस्टला वाहने बंद पडत नाहीत, ती चालू स्थितीतच उभी असतात, हा सूक्ष्म भेद कोणाच्या ध्यानी आला नाही. 'तुमची गाडी बंद, आमचा आनंद' अशा मजकुराची चिकटपत्रे एका रात्रीत दिव्यांच्या खांबांवर, वीजपेट्यांवर आणि एका बिचाऱ्या दंतवैद्याच्या पाटीवर झळकली. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा कायदा महाराष्ट्रात 1995 सालापासून अमलात आहे. त्यान्वये यथाकाल नोटीस आली, आणि चिकटपत्रावर नंबर दाजींचा असल्याने ती दाजींनाच आली. मुखत्यारांनी तिची छायाप्रत 'प्रसिद्धीची पोहोच' या सदराखाली दप्तरी लावली.

मग 'पाच टोचनांवर सहावे मोफत' ही योजना निघाली. ज्याची मोटार पाच वेळा ओढून न्यावी लागते तो मनुष्य सहाव्या वेळेपूर्वी मोटार तरी विकतो अथवा गाव तरी सोडतो. परंतु कार्डे छापून झाली होती, आणि छापलेल्या कार्डांपुढे युक्तिवाद चालत नाही.

खरा रणसंग्राम घडला तो शांतीनगरातील एका गृहसंकुलाच्या वार्षिक सभेत. मुखत्यारांनी ध्वनिक्षेपक हाती घेऊन 'टोइंग' हा शब्द उच्चारला मात्र, तिसऱ्या रांगेतील एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले आणि स्थानकाबाहेरून उचलून नेलेल्या आपल्या स्कूटरीचा जाब विचारू लागले. पाठोपाठ चार जण उठले. मोटार वाहन कायद्याच्या 127व्या कलमान्वये बेवारस किंवा बेकायदा उभे केलेले वाहन हलविण्याचा अधिकार पोलिसांचा, त्यांची क्रेन निराळी आणि आपली निराळी, ही फोड करण्यापूर्वीच मुखत्यारांना पाण्याचा पेला देऊन खाली बसविण्यात आले. ज्या व्यवसायाचे नाव ऐकताच श्रोता आपले वाहन जागेवर आहे की नाही हे पाहण्यास खिडकीकडे धावतो, त्याची कीर्ती वाढवावी तरी किती, हा प्रश्न आम्हांस त्या सायंकाळी पडला. मुखत्यारांस तो आजतागायत पडलेला नाही. "सभागृहात एकही माणूस झोपला नाही," एवढेच त्यांनी टिपून ठेवले.

आणि मग पाऊस आला. येथील जमीन मुळात खाजणांची आणि मिठागरांची. भरती आणि पर्जन्य यांची गाठ पडली, की सखल रस्त्यांचे ओढे होतात, इंजिने पाणी पितात, आणि जे पाण्यातून वाचते ते महामार्गावरच्या खड्ड्यात आपटून आस मोडून घेते. जुलैत दाजींचा फोन खाली ठेवता येईना. चालक क्रेनमध्येच जेवू आणि झोपू लागला. मुखत्यारांनी या काळातील वसुलीचा उंच चढत गेलेला आलेख काढून त्यावर 'वर्षाकालीन मोहिमेचे यश' असे शीर्षक घातले. आश्विनात ऊन पडले, खड्डे बुजविले गेले आणि आलेख खाली आला, तेव्हा त्याचे कारण बाजारातील सार्वत्रिक मंदी हे निघाले. चढाचे श्रेय आणि उताराचे निदान ही दोन्ही खाती एकाच हाती असावीत, असा त्यांचा आग्रह होता, आणि ताईंच्या भिडेस्तव दाजींनी तो मान्यही केला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटल्यानंतर, मुखत्यारांनी वार्षिक अहवाल वाचला. ताईंचे डोळे भरून आले. दाजींनी मानधनात वाढ मंजूर केली. दाराशी उभ्या असलेल्या चालकाने पुन्हा साखळीची गोष्ट काढली, तेव्हा त्याच्या म्हणण्याची सन्मानपूर्वक नोंद घेऊन 'पुढील आर्थिक वर्षात विचारार्थ' असा शेरा मुखत्यारांनी स्वहस्ते लिहिला, आणि पेढ्याचा तुकडा मोडता मोडता ठाण्याला शाखा काढण्याची जबाबदारी स्वतःहून शिरावर घेतली.