आरंभराव

बोईसरला उतरून रिक्षावाल्याला 'तारापूर एमआयडीसी' म्हटलं की तो मुकाट निघतो. शेजारी आरंभराव बसले असतील तर मात्र रिक्षा हलत नाही. "तारापूर गाव समुद्राकडे. एमआयडीसी इथे, बोईसरला. आणि तारापूरचं म्हणतात ते अणुवीज केंद्र अक्करपट्टीच्या बाजूला. तुम्हाला नेमकं कुठे जायचंय?"

आरंभराव हे आम्ही पाडलेलं नाव. दर औद्योगिक वसाहतीत असा एक जण असतोच. त्याला कुठल्याही गोष्टीचा उगम हाती लागल्याशिवाय पुढचा घास उतरत नाही. कोणी सहज म्हणालं, "आमचं लग्न पंच्याण्णव साली, पालघर जिल्ह्यात," की लगेच, "ठाणे जिल्ह्यात! पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला सुरू होतो." लग्नाची चूक सुधारल्याच्या आनंदात गृहस्थ चहाचे पैसे द्यायचे विसरतात.

एका कारखान्यातून इन्स्ट्रुमेंट फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर ते एका छोट्या शेडमध्ये बसू लागले. तिथे रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याचा पीएच मोजून पाठवणाऱ्या पेट्या तयार होतात. आणि तिथे आरंभरावांना त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रश्न भेटला: या प्रोसेसरची मेमरी सुरू कुठून होते?

शेडमधला पोरगा हुशार, पण घाईचा. जुन्या पेटीत आय.एमएक्स ६ जातीचा प्रोसेसर होता, नवीत एएम३३५एक्स आला. पोराने जुनीच स्क्रिप्ट चढवली. बोर्ड 'डेटा अ‍ॅबॉर्ट' म्हणून किंचाळायचा, रीसेट व्हायचा आणि पुन्हा किंचाळायचा. दारात टेम्पो उभा, शेठ दर पाच मिनिटांनी डोकावतात. आरंभरावांनी खुर्ची ओढली. शेठनी कपाळाला हात लावला.

"मेमरी कुठून सुरू होते या चिपवर?"

"काका, शून्यापासून. सगळ्यांचीच होते."

"कोणी सांगितलं?"

पोराने त्याच चिपचा एक चालू नमुना-बोर्ड जोडला, कर्नलची आयओमेम नावाची फाइल उघडली आणि पडदा विजयाने वळवला. 'सिस्टम रॅम'समोर खरोखरच शून्यं होती. पण वरखाली प्रत्येक ओळीतही शून्यंच. सुरुवात शून्य, शेवटही शून्य. आरंभरावांचा चेहरा असा खुलला की घरी नातू झाल्याची तार आली असावी.

"ही पाहुण्यांना दाखवायची शून्यं, बाळा. साध्या युजरला कर्नल खरे पत्ते सांगत नाही. रूट होऊन बघ."

रूट झाल्यावर आकडा निघाला: हेक्समध्ये ८ आणि त्यावर सात शून्यं. म्हणजे बरोबर दोन जीबीनंतर. जुन्या चिपवर तीच जागा १ वर सात शून्यं अशी होती आणि स्क्रिप्ट कर्नल तिथेच नेऊन ओतत होती. नव्या चिपच्या नकाशात तो भाग बाहेरून जोडायच्या चिपांसाठी राखलेला. आमच्या बोर्डावर तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. बूट रॉम, सिरियल पोर्टची रजिस्टरं, सगळी मंडळी ८च्या अलीकडेच बसलेली. रॅमला जागा मिळाली ती त्यांच्या पलीकडे.

इथे कोणीही थांबला असता. आरंभरावांनी बूटलोडरच्या प्रॉम्प्टवर 'बीडीइन्फो' मारायला लावलं. सुरुवात तीच, आकार २ वर सात शून्यं, म्हणजे ५१२ एमबी. मग चिपच्या कागदपत्रांतला नकाशा उघडवला. तिन्ही साक्षी जुळल्या तेव्हा कुठे स्क्रिप्टला हात लावू दिला. (हे एवढं खरं की बाकी कुठे नाही तरी इथे त्यांची खोड उपयोगी पडते.)

"पण काका, कर्नलला स्वतःला कसं कळतं?"

हा प्रश्न विचारायला नको होता. लिनक्सचं एआरएम कर्नल उघडताना आपण आत्ता कुठे उभे आहोत ते पाहतं, त्या पत्त्याच्या शेवटच्या २७ बिटांवर पाणी सोडतं आणि मागच्या १२८ एमबीच्या हद्दीला मेमरीची सुरुवात धरतं, ही आरंभरावांची लाडकी गोष्ट. ती संपेपर्यंत टेम्पोवाला वडापाव खाऊन परत आला.

शेवटी बोर्ड उठला. पडद्यावर ओळी धावल्या, लॉगिन आलं. शेठनी "भरा रे!" म्हणून हाक दिली आणि पोराने सहज तारीख विचारली. घड्याळाला बॅटरी नव्हती. उत्तर आलं: १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच.

आरंभराव पुन्हा बसले.

"शेठ, हे मोठं गमतीचं आहे. यांचा काळ ग्रीनिच वेळेच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणून आपल्याकडे साडेपाच. आणि आपलं अणुवीज केंद्र सुरू झालं ऑक्टोबर १९६९मध्ये. म्हणजे या पेटीच्या हिशेबाने काळ सुरू व्हायच्या दोन महिने आधीपासून तारापूर वीज देतंय. तेव्हाची युनिटं कोणत्या पत्त्यावर धरायची?"

शेठ बाहेर गेले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "तू उद्या ये."