चिमटेकाका

रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या काचीगुड्याच्या बिल्डिंगचा जिना धडधडला की नवा भाडेकरू घाबरून दार उघडतो. आम्ही कूस बदलतो. चिमटेकाका हुसेनसागर साफ करायला निघालेले असतात. हातात लांब दांड्याचा चिमटा, पायांत गमबूट, खांद्याला रिकामं पोतं. बँकेतून रिटायर झाल्यावर कुणी भजनी मंडळात जातो, कुणी शेअरबाजारात. काका तलावात गेले.

तिथे स्वयंसेवक बरेच येतात. फ्लेक्स धरून फोटो काढतात, चहा पितात आणि कप तिथेच ठेवून जातात. ते कप काका उचलतात, विनातक्रार. त्यांचं खरं कार्यक्षेत्र मात्र तलावाच्या बांधाचा, म्हणजे टँकबंडचा कठडा. निर्माल्याची पिशवी हँडलला लटकवून कुणी स्कूटर थांबवली, की काका कुठूनसे प्रकट होतात. "अजी भाईसाब, नक्को डालो! इधर देओ!"

सुरुवातीला ते नुसती पिशवी मागायचे, फुलं जाऊ द्यायचे. पुढे, कुजणारी फुलंही पाण्यातला प्राणवायू खातात हे कळल्यावर फुलंही मागू लागले. मागणं साधं नसतं. व्याख्यान 1562 पासून सुरू होतं. इब्राहिम कुतुबशाहाच्या काळात हुसेनशाह वलींनी हा तलाव बांधला, तेव्हा हैदराबाद नव्हतंच. ते वसलं 1591 ला. "म्हणजे हा तुमच्या शहराचा थोरला भाऊ. थोरल्याच्या तोंडावर पिशवी मारता?" धाकटा भाऊ ऑफिसला उशीर होतो म्हणून पिशवी देऊन टाकतो.

एकदा एकजण अडून बसला. "पानी में सब गल जाता, अंकल." काकांनी चिमट्याने तलावातला बुद्ध दाखवला. "वो देखो. 1990 में डूबे, 1992 में निकाले. गले क्या?"

"अजी, वो तो पत्थर के हैं!"

"और थैली फूल की है क्या?"

तो निरुत्तर झाला, पण पिशवी देईना. काका कठड्याला टेकून पाऊण तास उभे राहिले. अखेर त्याने दिली. बँकेत कर्जवसुली खात्यात होते म्हणे.

तलावाची मोठी घाण पिशव्यांची नव्हे. ती कुकटपल्लीच्या नाल्यातून येते, कारखान्यांची आणि सांडपाण्याची. जलपर्णी त्याच्यावरच पोसते. मी हे एकदा शहाणपणाने सुनावलं. काका म्हणाले, "ठाऊक आहे हो. पण नाला स्कूटर थांबवत नाही ना!"

आता गंमत अशी झाली, की टँकबंडला येणाऱ्यांनी काकांचा पत्ता विचारून घेतला. एवढ्या लांब कशाला जायचं? सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यात पाच-सहा पिशव्या. सुकलेले हार, श्रावणातली बेलपानं, दसऱ्याच्या आगेमागे बतुकम्माची तांगेडू आणि गुनुगूची फुलं, कान तुटलेला गणपती, काच फुटलेला बालाजी. काकांनी गॅलरीत खताची पिंपं मांडली. हारांचे दोरे सोडवून काढण्याचं काम काकूंकडे आलं. ते मागून घेतलेलं नव्हतं. "लोकांचा तलाव स्वच्छ झाला," त्या म्हणतात, "आणि माझ्या गॅलरीचा हुसेनसागर झाला." देवांच्या तसबिरींचं काय करावं हे मात्र काकांना अजून सुचलेलं नाही. त्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून आहेत. पाहुणे चपला बाहेर काढतात आणि आत येऊन गोंधळतात, नमस्कार नेमका कुणाला करायचा.

खतातून झेंडू मात्र असा फुटला, की काकूंनी गेल्या दसऱ्याला फुलं विकत आणली नाहीत.

परवा मीही गेलो. घरी देवांची सात जुनी कॅलेंडरं साठली होती, टाकवतही नव्हती. काकांनी 1562 वगैरे काही काढलं नाही. कॅलेंडरं घेतली, पत्र्याच्या पट्ट्या चिमट्याने उपटल्या आणि माझी प्लॅस्टिकची पिशवी नीट घडी घालून मला परत दिली.