तांबड्या दिव्याची प्रमाणमीमांसा

घरातले इंटरनेट बंद पडणे ही घटना तांत्रिक समजली जात असली, तरी तिची खरी जागा ज्ञानशास्त्रात आहे. कारण बिघाड नेमका कुठे आहे हे त्या वेळी घरात कोणालाही ठाऊक नसते आणि तो कुठे आहे याविषयी प्रत्येकाची खात्री मात्र झालेली असते. न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार साधने, म्हणजेच प्रमाणे, मानली आहेत. नेट गेलेल्या मराठी मध्यमवर्गीय घरात ही चारही प्रमाणे चहाचे आधण उकळेपर्यंत वापरून संपतात.

या वादाचे मूळ असे, की घरातली जोडणी एक नसून दोन असतात. फोनपासून राउटरपर्यंतचा प्रवास रेडिओलहरींवरून होतो, त्याला वायफाय म्हणतात. राउटरपासून पुढे सेवादात्यापर्यंतचा प्रवास बहुधा काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून होतो आणि त्यानंतर कुठे इंटरनेट लागते. फोनवर दिसणाऱ्या वायफायच्या पट्ट्या केवळ पहिल्या प्रवासाची साक्ष देतात. त्यामुळे बाहेर जेसीबीने फायबर तोडली, तरी घरात पट्ट्या पूर्ण भरलेल्या राहतात आणि '१९२.१६८' ने सुरू होणारा खाजगी पत्ताही फोनला बिनतक्रार मिळतो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमानुसार हे पत्ते अंतर्गत वापरासाठी राखीव असून घराबाहेर त्यांना कोणी विचारत नाही. अशा वेळी घरात "वायफाय गेलं!" अशी जी आरोळी उठते, ती चालू असलेल्या एकमेव गोष्टीवर केलेला आरोप असते.

पहिले प्रमाण प्रत्यक्षाचे. राउटरवरचे दिवे पाहण्यासाठी कुटुंब एकत्र जमते आणि 'एलओएस' या नावाचा तांबडा दिवा लुकलुकताना दिसला, की तो वाईट आहे यावर एकमत होते. या दिव्याचा अर्थ सहसा एवढाच, की फायबरमधून येणारा प्रकाश पोहोचत नाही: तंतू तुटला आहे, अवाजवी वाकला आहे किंवा जोडाच्या टोकावर धूळ बसली आहे. हा प्रकाश घरगुती जोडण्यांत सामान्यतः १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, तर मानवी डोळ्याची धाव साधारण ७०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. म्हणून फायबरचे टोक उपसून, एक डोळा मिटून त्यात निरखणाऱ्या गृहस्थास ज्ञान मिळत नाही, इजा मात्र होऊ शकते.

दुसरे प्रमाण अनुमानाचे, आणि येथे पंथभेद सुरू होतो. वडील देयकवादी असतात, त्यांच्या मते बिल भरायचे राहिले आहे. आजी पर्जन्यवादी असते. आईचा सिद्धांत मुलाच्या खेळांपाशी सुरू होऊन तेथेच संपतो. आणि मुलगा राउटर जुना झाल्याचे सांगून नव्या राउटरचे दर आधीच काढून ठेवतो. वस्तुतः निर्दोष अनुमानाचा मार्ग सोपा आहे. संगणकावरून आधी राउटरला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ या पत्त्याला, पिंग करावे, म्हणजे लहानसा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहावे, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिल्याच पायरीवर मौन असेल तर दोष घरात, दुसरीवर असेल तर बहुधा बाहेरच्या जोडणीत, आणि केवळ तिसरीवर असेल तर नावाचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएस या व्यवस्थेत. या पद्धतीचा एकमेव तोटा असा, की तिच्यामुळे कोणाचीही चूक सिद्ध होत नाही. त्यामुळे ती घरात लोकप्रिय नाही.

उपमान म्हणजे सादृश्यावरून होणारे ज्ञान. गाईसारखा दिसतो तो गवय, हे त्याचे शास्त्रीय उदाहरण. त्याचे आधुनिक रूप म्हणजे जिन्यात उभे राहून "तुमच्याकडे चालू आहे का हो?" असे विचारणे. हे प्रमाण वाटते त्याहून भक्कम आहे. कारण एकाच फायबरचा प्रकाश स्प्लिटर नावाच्या डबीतून अनेक घरांत वाटला जातो आणि त्या सर्व घरांचे नेट एकदम गेले असेल, तर दोष डबीत किंवा सेवादात्याकडून तिच्यापर्यंत येणाऱ्या मार्गावर असणार. मात्र "सगळ्यांचंच गेलंय" या उत्तराने होणारे समाधान इतके संपूर्ण असते, की पुढे नेटची आवश्यकताही काही काळ भासत नाही.

शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन, आणि आप्त म्हणजे यथार्थ जाणणारा व यथार्थच सांगणारा. ग्राहकसेवेचा ध्वनिमुद्रित आप्त प्रथम असे सांगतो, की तक्रार अ‍ॅपवरून, अर्थात इंटरनेटद्वारे, सहज नोंदवता येईल. त्यानंतर दीर्घ संगीत आणि शेवटी उपदेश: "एकदा बंद करून चालू करा."

हा उपदेश हास्यास्पद नाही. राउटर हा छोटा संगणकच असल्याने त्याच्या स्मृतीत अर्धवट राहिलेल्या नोंदी साचतात, सेवादात्याशी झालेली ओळख शिळी होते, आणि वीज तोडून थोडे थांबल्यास तो नव्याने ओळख करून घेतो. मात्र सुई खुपसून दाबायचे रिसेटचे छिद्र निराळे. ते सेवादात्याने दिलेले नाव व पासवर्डही पुसू शकते, म्हणजे एका दोषाचे दोन होतात. शिवाय तुटलेली फायबर बाहेर जोडली जाण्याचा आणि घरात कोणी बटण दाबण्याचा क्षण पुष्कळदा एकच येतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसा हा काकतालीय न्याय; परंतु बटण दाबणारा त्यानंतर कुटुंबात तज्ज्ञ म्हणून ओळखला जातो आणि पुढच्या वेळी त्यालाच उठवले जाते.

चर्चेचे न्यायदर्शनात तीन प्रकार आहेत: सत्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे मत न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडायचे ती वितंडा. राउटरभोवतीची चर्चा वादाने सुरू होऊन वितंडेपर्यंत पोहोचते खरी, पण हिरवा दिवा लागताच सर्व पक्ष आपापल्या फोनमध्ये निघून जातात आणि कारण काय होते हे विचारायला कोणी उरत नाही. म्हणूनच या शास्त्रात निरीक्षणे अमाप साठली, तरी निष्कर्ष एकही जमा झालेला नाही आणि पुढच्या बिघाडाला संशोधन पुन्हा पहिल्या प्रमाणापासून सुरू होते.