आठवड्यात जर्मनी-तज्ज्ञ व्हा : पिंपरी-चिंचवडकर विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक धडे

पात्रता फारशी लागत नाही. आकुर्डी-निगडीकडच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसरं वर्ष चालू असावं, ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ एवढं ऐकून पीएफमधून पैसे काढणारे वडील असावेत आणि पासपोर्ट असावा. घर चाकणला असेल तर फारच छान. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला, म्हणजे तुम्ही शाळेत जायच्या आधीपासून तो तिथे आहे, आणि तुम्ही त्याचं गेट आजवर फक्त बाहेरून पाहिलं आहे. आत जायला गेटपास लागतो, गेटपासला ओळख लागते. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला याच कंपनीने २००० मध्ये ‘आउटोश्टाट’ नावाची जत्राच उघडून ठेवली आहे. तिथे तिकीट काढलं की कुणीही आत. तेव्हा सहा हजारांवर किलोमीटर लांब जाऊन शेजारचा कारखाना बघायचा, हा या सहलीचा मूळ हेतू नीट समजून घ्या. व्हिसाच्या अर्जात तो इतका स्पष्ट लिहू नका.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा काढावा लागतो. बँक स्टेटमेंट वडिलांचं लावा, स्वतःचं लावून दूतावासाची करमणूक करू नका.

बॅग भरणं हे आईचं खातं. त्यात ढवळाढवळ नको, फक्त कायद्याची बाजू सांभाळा. युरोपियन युनियनमध्ये शिरताना प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे बाद. बर्फी बाद. साजूक तुपातल्या लाडवांचीही खात्री धरू नका, आणि हे आत्याला सांगायचं काम वडिलांवर सोपवा. ताज्या फळांत केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच पाच बिनकागदाची चालतात. हापूसला प्रमाणपत्र लागतं, रत्नागिरीच्या मामाचा शब्द पुरत नाही. ओला नारळ युरोपला चालतो; सुकं खोबरं मात्र विमानालाच चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं.

मग उरते चटणी. माणशी एक किलो, हा घरोघरचा हिशेब. सगळा ग्रुप हॉटेलवर पोचला की पहिल्याच रात्री बॅगा उघडतात आणि एक गोष्ट ध्यानात येते, जी तीन वर्षं एका बाकावर बसून ध्यानात आलेली नसते. एकाची सोलापूरची शेंगाचटणी, दुसऱ्याची विदर्भातली जवसाची, तिसऱ्याची कारळाची, सांगलीवाल्याचं भडंग, खानदेशवाल्याचा ठेचा, आणि एकीच्या डब्यात सत्तू. ‘आम्ही पिंपरी-चिंचवडचे’ म्हणणाऱ्यांत पिंपरीचा असा डबा एकाचाही नसतो. याची नोंद करून ठेवा, पुढे कामाला येईल.

विमान मुंबईहून. चाकण-खेडला आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार, हे ऐकता ऐकता एक पिढी इंजिनिअर होऊन गेली. २०१६ मध्ये त्याची जागा पुरंदरला गेली. तेव्हा वेळेआधी निघा. तळेगाव चौकात किती वेळ गेला, हे विमान कंपनीला पटवून देता येत नाही.

तिथे उतरल्यावर पहिली परीक्षा पाण्याची. दुकानातली पहिली बाटली बहुधा सोड्याची निघते. नळाचं पाणी निर्धास्त प्या. पण एकदा तरी बाटली घ्याच, कारण खरी मजा ती रिकामी झाल्यावर आहे. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या दाराशी भिंतीत एक गोल तोंडाचं यंत्र असतं. बाटली बुडाच्या बाजूने आत सरकवायची. आतल्या रुळांवर ती गरागरा फिरते, यंत्र तिचा बारकोड शोधतं, मग आतून कडकड चिरडल्याचा आवाज येतो. बटण दाबलं की पावती. ती काउंटरवर दिली की पैसे. आपल्याला लहानपणापासून बाटली चेपून टाकायची शिकवण. इथे चेपलेली बाटली यंत्र ओकून टाकतं. कितीही मोह झाला तरी दुसऱ्यांच्या बाटल्या गोळा करू नका. निदान सर बघत असताना.

‘जर्मन गाडी सेकंदावर येते’ हे वाक्य परत आल्यावरच्या प्रेझेंटेशनमध्ये निघण्यापूर्वीच टाइप झालेलं असतं. असू द्या, पण तिथल्या माणसाला ऐकवू नका. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच वेळेवर धावल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. वोल्फ्सबुर्गची तर और तऱ्हा. आयसीई नावाच्या वेगवान गाड्या तिथे थांबायचंच विसरून पुढे निघून गेल्या, आणि हे एकदा नाही, अनेकदा घडलंय. आपली लोणावळा लोकल कितीही उशिरा येवो, आकुर्डी विसरत नाही. मोठ्या शहरांतल्या ट्रॅमला मात्र ना आपल्या मेट्रोसारखं तिकिटाचं फाटक, ना कंडक्टर. तिकीट काढून त्यावर शिक्का मारायचा हे आपल्याच सदसद्विवेकावर. तो ढिला असेल तर दंड ६० युरो.

आता जेवण. इथे घाई करू नका.

नाश्त्याला ब्रेड असतो. किती प्रकारचा, हे विचारू नका. कडक, फार कडक आणि काळा एवढं वर्गीकरण पुरे. मुख्य धडा ‘करीवुर्स्ट’. नावात करी आहे म्हणून हुरळू नका. १९४९ मध्ये बर्लिनच्या हेर्टा हॉयवर या बाईंनी भाजलेल्या सॉसेजवर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर घातली, ती ही. आपल्या मसाल्याशी तिचं नातं चुलत-चुलत. पण वोल्फ्सबुर्गला ती न बघता परतणं म्हणजे आळंदीला जाऊन इंद्रायणी न बघणं. कारण फोक्सवॅगन स्वतःचं सॉसेज स्वतः बनवते. कारखान्याच्या आत, १९७३ पासून. त्याला गाडीच्या सुट्या भागासारखा पार्ट नंबर आहे : १९९ ३९८ ५०० ए. पाकिटावर चक्क ‘ओरिजनल पार्ट’ अशा अर्थाचा जर्मन शिक्का. भोसरीत ज्याचं बालपण डुप्लिकेट आणि ओरिजनल यांतला फरक ऐकण्यात गेलं, त्याचे डोळे इथे पाणावतात. २०२४ मध्ये कंपनीने अशी ८५ लाखांवर सॉसेज विकली. त्या वर्षी फोक्सवॅगन नावाच्या गाड्या गेल्या ५० लाखांच्या आसपास. २०२१ मध्ये मुख्यालयाच्या एका कँटीनमधून मांस हटवलं, तेव्हा माजी चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. २०२३ मध्ये ते ताटात परत आलं. कँटीनचा मेनू हा केवढा नाजूक विषय असतो, हे ज्यांच्या घरात युनियनचा माणूस आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

सॉसेज डुकराच्या मांसाचं असतं. २०१० पासून शाकाहारीही मिळतं. त्याची चव सोयाबीनच्या वड्यांना टाय लावल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी ग्रुपमधले निम्मे चटणी-ब्रेडवर येतात. इथून पुढचा धडा कोणत्याही प्रवास कंपनीच्या पत्रकात नाही : कारखान्याच्या गावात गेल्यावर, कामाला बाहेरून कोण आलं ते आधी विचारा, मग तिथेच जेवा. वोल्फ्सबुर्ग हे गावच १९३८ मध्ये कारखान्यासाठी वसवलेलं. १९६२ पासून तिथे इटलीतून कामगार आले. सुरुवातीला त्यांना कुंपणाच्या आत, लाकडी बराकींत ठेवलं होतं. आज गावातला पिझ्झा आणि आइस्क्रीम त्यांच्या नावावर जमा. तुर्कस्तानशी जर्मनीचा कामगार-करार १९६१ चा. त्या लोकांनी रोटीत गुंडाळून दिलेलं मांस किंवा फलाफल जर्मनीभर रात्री उशिरापर्यंत मिळतं, आणि वर तिखट टाकू का, असं विचारणारा माणूस त्या देशात बहुधा तोच. त्याला हो म्हणा.

फलाफल हातात घेऊन उभं राहिलात की चाकण आठवेल, आठवू द्या. नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे. कांद्याच्या बाजाराच्या गावाभोवती खोल्यांच्या चाळी, एका खोलीत वेगवेगळ्या शिफ्टची पोरं, एकाची गादी गार व्हायच्या आत दुसरा आडवा. मराठवाड्यातल्या मावशींची मेस, चौकात लिट्टी-चोख्याची गाडी. यातलं काहीही ‘चाकणचे खाद्यपदार्थ’ या मथळ्याखाली कुणी अजून छापलेलं नाही. तुम्हीही तिथे कधी जेवला नसाल, तर परतल्यावर जेवा. व्हिसा लागत नाही.

शेवटी प्रेझेंटेशन. शिस्त, स्वच्छता आणि हॉर्न न वाजवणे यांवर एकेक स्लाइड सक्तीची; त्याशिवाय परदेशी गेल्याचं कुणी मानत नाही. काळ्या ब्रेडबद्दल ‘पौष्टिक’ म्हणा. ‘स्थानिक खाद्यसंस्कृती’ या स्लाइडवर मात्र फलाफल आणि इटालियन आइस्क्रीमचे फोटो टाका. विभागप्रमुख हमखास विचारतील, ‘पण यात जर्मन काय?’ त्यांना नम्रपणे विचारा, ‘सर, तुम्ही मूळचे कुठले?’ ते बार्शी म्हणतील, नाहीतर बीड. मग पुढची स्लाइड लावा.