मटकीचं शूटिंग

पाचवीच्या पोरांच्या हातात मोबाईल देऊन "बी कसं रुजतं त्याचा व्हिडिओ करा" म्हटलं, की बी बाजूलाच राहतं. आधी कुणीतरी केसांना पाणी लावून येतं आणि ओरडतं, "नमस्कार मित्रांनो, चॅनेलला सबस्क्राईब करा, घंटा दाबा!" चॅनेल नाही, व्हिडिओ नाही, मित्र सगळे पाठीमागे ढकलाढकली करतायत. शिवाय आमच्या शाळेतली घंटा बडवायची असते, दाबायची नव्हे.

मग मी बोलणंच बंद केलं. बोलपटाआधी मूकपट आला होता, तोच क्रम ठेवला. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा मांडला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून 'अंकुराची वाढ' नावाचा इवलासा चित्रपट केला. तो पाहून भांडवल देणाऱ्याला धीर आला आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. म्हणजे आपल्या सिनेमाचा पहिला भरवशाचा नट वाटाणा. मानधन मागत नाही, सेटवर उशिरा येत नाही.

आमच्याकडे मटकी. पोषण आहाराच्या डब्यातून मूठभर आणून भिजवली. नटांचा पहिला संच मावशींनी उसळीत घातला. उसळ छान झाली होती. दुसरा संच मातीत पेरून, कप कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. मोबाईल दोन विटांमध्ये उभा. ॲप फुकटातलं: फोटो काढत जायचे, ते एकामागे एक पळवतं. सेकंदाला बारा फोटो धरले तर मिनिटाला ७२० लागतात, हा गुणाकार वर्गाने न सांगता केला. एरवी बाराचा पाढा म्हणायला लावला, की निम्म्या वर्गाला तहान लागते.

फोटो फक्त शाळेच्या वेळात. त्यामुळे व्हिडिओत कोंब दिवसभर सज्जनासारखा उभा आणि दर सकाळी टुणकन उंच. "बाई, ही रात्रीची चोरून वाढती." त्यात तो खिडकीकडे झुकायचा. हिरोने कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून कॅमेरामन रोज हळूच कप फिरवायचा. मटकी पुन्हा उजेडाकडे वळायची. जोडून पाहिलं तर गोविंदाच्या गाण्यासारखी डावी-उजवीकडे नाचतेय! वर्ग लोळायचा बाकी. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण बाई, ती खिडकीकडंच का वळती?" हा प्रश्न मी दरवर्षी चाचणीत विचारते. मला आजवर कुणी विचारला नव्हता.

पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की तयार व्हिडिओही मिळतात. चांगले असतात. पण ते बघताना पोरं लाइट कधी जाते याकडे डोळे लावून असतात. इथे लाइट गेली तर जीव जातो, कारण मोबाईल चार्जिंगला असतो. (माझा. मला घरून आलेले फोन 'शूटिंग चालू आहे' म्हणून परस्पर कापले जातात.) एडिटिंगवर मात्र माझं काही चाललं नाही. कोंब फुटताच वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात.

परवा तपासणीला साहेब आले. कपाटापाशी थांबून त्यांनी खड्या आवाजात विचारलं, "हे चाललंय काय? अभ्यास कधी करता?"

विटांमागून उत्तर आलं, "साहेब, जरा सरका. मटकीवर सावली पडतीय."