दोन सर्व्हर, नऊ पत्ते

डेटाबेस चोवीस तास चालूच राहिला पाहिजे, असं वरून फर्मान निघालं की आम्हा डीबीए मंडळींच्या राशीला ओरॅकल रॅक येतो. 2001 साली नाइन-आय आवृत्तीबरोबर हा प्रकार या नावाने आला. डेटा एकाच सामायिक स्टोरेजवर आणि त्यावर राबणारे सर्व्हर दोन. एकाने मान टाकली तरी दुसरा गाडा ओढतो. थोडक्यात, एका कोठारावर दोन जावा. इन्स्टॉलर काय, कुणीही नेक्स्ट-नेक्स्ट करत चालवतो. जीव जातो तो त्याआधीच्या तयारीत.

जावांमध्ये डावं-उजवं केलेलं खपत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम तीच, कर्नलचे आकडे तेच. दोन्हीकडे 'ओरॅकल' नावाचा युजर आहे एवढ्यावर भागत नाही, त्याचा यूआयडी, म्हणजे युजर क्रमांकही, एकच लागतो. घड्याळं जुळवायची. मग दोघींत पासवर्डशिवाय एसएसएच सुरू करायचं, म्हणजे केव्हाही यावं, दार न वाजवता थेट माजघरात.

यानंतर नेटवर्कवाल्यांचे पाय धरायचे.

"सर्व्हर किती?"

"दोन."

"आयपी किती हवेत?"

"नऊ."

पलीकडे शांतता. मी हिशेब मांडतो: पब्लिक दोन, व्हर्च्युअल दोन, आपसात कुजबुजायला प्रायव्हेट दोन आणि स्कॅनचे, म्हणजे दोघींच्या सामायिक नावाचे, तीन. ते कुरकुरत देतात आणि तासाभरात स्वतःच फोन करतात, "अहो, व्हर्च्युअल आणि स्कॅनचे आयपी पिंगच होत नाहीयेत!" मी म्हणतो, "वा, छान!" इन्स्टॉलेशनच्या आधी त्या पत्त्यांवर कुणी 'ओ' देता कामा नये, दिली, तर तिथे आधीच दुसरं कुणी बिऱ्हाड थाटलंय. हे पटवून देईपर्यंत नेटवर्कवाल्याला माझ्या डोक्याची शंका आलेली असते.

एवढं सख्य जमवल्यावर कळतं की सगळा डोलारा उभा आहे तो अविश्वासावर. दोन्ही नोड, म्हणजे याच दोन जावा, दर सेकंदाला 'आहेस का?' विचारत बसतात. तीस सेकंद उत्तर आलं नाही की दुसरीला घराबाहेर काढायची तयारी सुरू. निकाल सामायिक स्टोरेजवरच्या व्होटिंग डिस्कांवर लागतो. त्यांची संख्या विषम ठेवायची, कारण निम्म्याहून जास्त डिस्क जिला दिसत नाहीत तिने निघायचं. जुन्या आवृत्त्यांत तर दोघींचं पारडं सारखं असलं, की लहान क्रमांकाची घरात राहायची. थोरलेपणाचा मान संगणकातही सुटलेला नाही.

शेवटी क्लुव्हफाय चालवायचं. हा तपासनीस मेमरी, स्वॅप, पॅकेजेस, परवानग्या, डीएनएस सगळं उकरून काढतो. एकदा एका ठिकाणी त्याने एकूण एक ओळीपुढे 'पास्ड' छापलं आणि मी ऐटीत सर्व्हर रूममध्ये गेलो. रॅकच्या मागे वाकून पाहिलं, तर दोन्ही सर्व्हरच्या सगळ्या पॉवर केबल एकाच बोर्डात खोचलेल्या. एक फ्यूज उडाला की दोन्ही जावा एकदमच गारद.

वायरमनला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना साहेब, दोन्ही कायम सोबत चालायला हवेत?"